घडीव आणि ओतीव

प्रस्तुत लेखाचा विषय कळतांच आमच्या कांहीं नेहमींच्या वाचकांस हंसूं येईल, आणि तें येणें स्वाभाविक आहे. नीतिशास्त्र शिकवितां शिकवितां ज्यांचे केस पिकले, विटीदांडूपलीकडे ज्यांनीं कोणतीही काठी हातीं धरली नाहीं, त्यांनीं गोल्फच्या लोखंडी काठ्यांची निवड कशी करावी ह्या प्रश्नावर लिहावयास बसावें, हा उघड उघड अनधिकार आहे. आमच्या मालाडांत गोल्फचें मैदान आमच्या पाहण्यांत नाहीं. ज्या खेळास कोसभर हिरवळ लागते तो खेळ, जेथें एका गॅलरींत वाळत घातलेलें लुगडें शेजारच्या खिडकींत शिरतें अशा उपनगरांतील माणसाच्या स्वप्नांतही यावयाचा नाहीं, अशी आमची समजूत होती. परंतु गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हा प्रश्न तीन जिने चढून आमच्या घरीं आला, आणि अद्याप तो उतरून गेलेला नाहीं.

आमचा भाचा चोवीस वर्षांचा आहे. त्याचें लहानपण चेंबुरास गेलें. तेथें १९२७ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचें मैदान आहे. त्याच्या कुंपणाबाहेर पडलेले चेंडू वेंचून परत देतां देतां ह्या मुलास त्या खेळाचें वेड लागलें, कोणा दयाळू गृहस्थानें एक जुनी काठी हातीं दिली, आणि इतर मुलें ज्या वयांत क्रिकेटपलीकडे पाहत नाहींत त्या वयांत हा पहाटे उठून हिरवळीवर हिंडूं लागला. (हा खेळ आपल्याकडे काल-परवां आला असें मात्र कोणीं समजूं नये. कलकत्त्यास १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं त्याचे क्लब निघाले. म्हणजे आमच्या मुंबई विद्यापीठाहून तो येथें पंधरा वर्षांनीं वडील आहे.) आज भाचा हँडिकॅप दोनचा खेळाडू आहे. ढोबळ मानानें सांगावयाचें तर, जो फेरा पट्टीचा खेळाडू बहात्तर आघातांत पुरा करील त्यास ह्याला चांगल्या दिवशीं चौऱ्याहत्तर लागतात. त्या दोन आघातांसाठीं तो आपलें तारुण्य खर्चीत आहे. पुढील वर्षीं व्यावसायिकांच्या पात्रता-स्पर्धेंत उतरण्याचा त्याचा मनोदय असून त्यासाठीं त्यास नवा संच पाहिजे होता. अशा संचाची किंमत लाखाच्या वर जाते. त्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, नुकतेच नोकरींतून निवृत्त झाले; त्यांची पुंजी एक, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेल्या गरजा तीन. त्यांपैकीं आमच्या बहिणीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ही एक, हें येथें सांगून ठेवतों.

पैसे द्यावे कीं न द्यावे हा वाद नव्हता. ते द्यावयाचे असें मेहुण्यांनीं ठरविलें होतें, आणि बहिणीनें त्यास संमति दिली होती. वाद होता तो कोणत्या काठ्या घ्यावयाच्या ह्याविषयीं.

“दादा,” मेहुणे आम्हांस म्हणाले, “चूक पोटांत घालणारी काठी मिळत असतां चूक चव्हाट्यावर मांडणारी काठी दाम मोजून घरीं आणायची, हा कुठला शहाणपणा?”

“पण मामा,” भाचा म्हणाला, “काठीनंच चूक पोटांत घातली, तर माझ्या हाताला ती कळणार कशी?”

ह्या दोन वाक्यांच्या पलीकडे त्या दिवशीं कोणीं कांहीं विशेष बोललें असें आम्हांस स्मरत नाहीं.

ज्यांस ह्या खेळाची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. खेळाडू आपल्या पिशवींत १४ पर्यंत काठ्या बाळगूं शकतो. ही मर्यादा १९३८ सालीं अमेरिकेंत आणि पुढील वर्षीं ब्रिटनांत घालण्यांत आली. त्यांपैकीं सहा-सात काठ्यांस आयर्न म्हणतात. प्रत्येकीच्या पात्याचा तिरकसपणा निराळा. तो जितका अधिक तितका चेंडू उंच जाऊन अलीकडे पडतो. हीं पातीं दोन रीतींनीं तयार होतात. घडीव पात्यासाठीं सौम्य पोलादाचा, म्हणजे ज्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा पाव भागाच्या आसपास असतें अशा पोलादाचा, एक दांडका लालबुंद तापवितात, वांकवितात, आणि साच्याच्या दोन पाळ्यांमध्यें ठेवून त्यावर यांत्रिक घणाचे प्रचंड आघात करतात. कडेनें बाहेर आलेली धातूची झालर कापून टाकतात, पुन्हा तापवितात, पुन्हा ठोकतात. आणि मग कसबी कारागीर फिरत्या पट्ट्यावर घासून घासून त्याचें वजन ग्रॅमाग्रॅमानें उतरवितो. जपानांत हिमेजीच्या परिसरांत हा धंदा १९३० च्या सुमारास सुरू झाला, आणि तेथील जुन्या तरवारी घडविणाऱ्यांचा वारसा तो आजही अभिमानानें सांगतो. ओतीव पात्याची रीत आपल्याकडील देवांच्या मूर्ती ओतणाऱ्या ओताऱ्यांस नवी वाटणार नाहीं: मेणाचें हुबेहूब पातें करावयाचें, त्यावर मातीसारख्या द्रव्याचें कवच चढवावयाचें, मेण वितळवून काढावयाचें, आणि त्या पोकळींत न गंजणाऱ्या कठीण पोलादाचा रस ओतावयाचा.

ओतण्यांत सोय अशी कीं, धातु हवी तेथें नेतां येते. पात्याच्या पाठीमागचा मधला भाग पोकळ ठेवून सगळें वजन कडांस नेतां येतें. डोंबारी दोरावरून चालतांना हातांत लांब आडवा बांबू धरतो, त्यांतलें रहस्य हेंच. वजन मध्यापासून दूर गेलें म्हणजे वस्तु सहजासहजीं फिरत नाहीं. चेंडू पात्याच्या मध्यावर न बसतां टोंकाकडे किंवा दांडीकडे बसला तरी असें पातें हातांत फारसें वळत नाहीं, आणि चेंडू थोडाफार सरळ जातो. उलट जुन्या घाटाच्या घडीव पात्यांत वजन मध्याच्या पाठीशीं एकवटलेलें असतें. तेथें चेंडू बसला तर त्यासारखें सुख नाहीं, आणि अर्धा इंच चुकला तर त्यासारखी शिक्षा नाहीं.

ही क्षमाशील काठी लोकप्रिय करणारा गृहस्थही मोठा लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कार्स्टन सोल्हाइम हा १९११ सालीं नॉर्वेंत जन्मला, बाळपणींच अमेरिकेस गेला, बापाच्या हाताखालीं जोडे शिवले, आणि मागाहून इंजिनिअर झाला. गोल्फ तो शिकूं लागला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं. चेंडू खळग्यांत लोटतांना आपली काठी हातांत वळते हें पाहून त्यानें १९५९ सालीं घरच्या गराजांत कडांस वजन असलेली एक काठी बनविली. चेंडूवर आदळतांच तिचा ‘पिंग’ असा आवाज होई, म्हणून तेंच तिचें आणि पुढें त्याच्या कारखान्याचें नांव पडलें. लोखंडी काठ्यांसही त्यानें तेंच तत्त्व लावलें. ज्या माणसास खेळ उशिरां सांपडला त्यानें उशिरां आलेल्यांची सोय पाहिली, ह्यांत नवल नाहीं. आणि ह्यांत हिणविण्यासारखेंही कांहीं नाहीं. परंतु हें दुसरें वाक्य आम्हांस आज सुचत आहे. त्या दिवशीं सुचलें नव्हतें.

त्या दिवशीं आमच्यांतला नीतिशिक्षक जागा झाला होता. आम्हीं भाच्याची बाजू घेतली, आणि ती घेतांना एक प्रवचन झोडलें. आपल्या दोषांवर पांघरूण घालणारा मित्र मित्र नव्हे, तसें तें हत्यारही हत्यार नव्हे. ह्या खेळांत तर खेळाडू हाच स्वतःचा पंच असतो. १९२५ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत बॉबी जोन्स काठी टेकवीत असतां चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणास तें दिसलें नाहीं. त्यानें आपण होऊन एका आघाताचा दंड मागून घेतला, सामना बरोबरींत गेला, आणि निर्णायक फेऱ्यांत तो एकाच आघातानें हरला. अशा खेळांत उतरणाऱ्यानें सवलतीची काठी घेणें शोभतें काय? बेन होगननें १९५३ सालीं स्वतःचा कारखाना काढला तेव्हां मनासारखी न उतरलेली काठ्यांची पहिली खेप त्यानें बाजारांत जाऊं दिली नाहीं असें सांगतात. तेंही आम्हीं सांगितलें. टांकीचे घाव आणि देवपण ही म्हणसुद्धां आली असावी. भाच्याचे डोळे चमकले. मेहुणे कांहीं न बोलतां चहा प्याले आणि निघून गेले. दुसऱ्याच्या पुंजींतून दुसऱ्याच्या मुलास कठोर हत्यार घेऊन देण्याचा उपदेश किती सोपा असतो, हें तो चहाचा पेला उचलतांना आमच्या पत्नीनें आम्हांस ऐकविलें.

पुढील आठवडाभर आम्हीं ह्या विषयावर जें मिळालें तें वाचलें, भाच्यास विचारलें, आणि आमच्या प्रवचनाची एकेक वीट निखळूं लागली.

प्रथम कळलें तें असें कीं, कठोरपणा घडणींत नाहीं, आकारांत आहे. घडीव पातेंही पाठीशीं पोकळ आणि कडांस जड करतां येतें, आजकाल तसें सर्रास करतात. आणि ओतीव पातेंही जुन्या घाटाचें करतां येतें. म्हणजे ‘घडीव’ ह्या शब्दाला आम्हीं जो मान दिला तो निव्वळ जन्माला दिलेला मान होता. ज्यानें आयुष्यभर वर्गांत कुळापेक्षां शीलाची थोरवी गाइली त्यानें लोखंडाच्या बाबतींत कुळ विचारावें, हें कांहीं भूषणावह नव्हे.

ज्या स्पर्शज्ञानाची कुशल खेळाडू एवढी वाखाणणी करतात त्याचाही प्रकार मौजेचा आहे. चेंडू पात्यास चिकटून असतो तो सेकंदाचा सुमारें दोन-हजारावा भाग. हाताच्या तळव्यापासून मेंदूपर्यंत वार्ता पोंचावयास ह्याच्या कित्येक पट काळ लागतो. खेळाडूस ‘लागलें’ असें वाटतें तेव्हां चेंडू केव्हांच निघून गेलेला असतो. इतकेंच नव्हे, तर ज्यास तो स्पर्श म्हणतो त्यांत कानाचा वांटा बराच मोठा असतो. आवाज बदलला कीं ‘स्पर्श’ही बदलल्यासारखा वाटतो. तेव्हां घडीव काठीचा तो प्रसिद्ध मऊपणा चालू आघातास कवडीचाही उपयोगी नाहीं. ती वार्ता आहे, मदत नव्हे. साक्ष आहे, सल्ला नव्हे. आमच्या शास्त्रांत जिला सदसद्विवेकबुद्धि म्हणतात तिची गोष्ट बहुधा अशीच असते. बहुतेक वेळां तीही कृत्य हातून सुटल्यावर बोलते. मग तिचा उपयोग काय, असा प्रश्न विद्यार्थी दरवर्षीं विचारतात, आणि दरवर्षीं आम्ही पाठ केलेलें उत्तर देतों.

भाच्याचें उत्तर आमच्या उत्तराहून बरें होतें. तो म्हणाला, “मामा, ह्या चेंडूला नाहीं, पण हजाराव्या चेंडूला उपयोग होतो.” जोन्सविषयीं एक आख्यायिका आहे, ती ह्या म्हणण्यास पोषक आहे. त्यानें लांकडी दांड्याच्या आपल्या काठ्या वर्षानुवर्षें केवळ हाताच्या पारखीनें एकेक करून जमविल्या होत्या. पुढें त्या यंत्रावर तपासल्या असतां एक वगळून बाकीच्या सर्व एकमेकींशीं जुळल्या, आणि न जुळणारी ती एक म्हणजे जिच्याविषयीं त्याची नेहमींची कुरकूर असे तीच निघाली.

पण मग मेहुण्यांच्या वतीनें आम्हींच एक शंका काढली. चूकच जाणून घ्यावयाची, तर तिला लाखाची काठी कशाला? पात्यावर पावडरीचा फवारा मारावा, शंभर चेंडू मारावे, आणि ठसे कोठें उमटले तें पाहावें. ओतीव, क्षमाशील काठीवरही ठसा खोटें बोलत नाहीं. भाच्यानें तें मान्य केलें, आणि दुसऱ्या दिवशीं तसें करून त्या ठशांचीं छायाचित्रें आम्हांस आणून दाखविलीं. आंखूड काठ्यांवर, म्हणजे आठ, नऊ ह्या नंबरांवर, सारे ठसे एका रुपयाच्या नाण्यांत मावत होते. चार-पांच नंबरच्या लांब काठ्यांवर मात्र ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पसरले होते. तीं चित्रें पाहतांना मुलाचा चेहरा उतरला होता. त्या आठवड्यांत आम्हीं त्याच्याविषयीं मनांतल्या मनांत जो आदर बाळगला, तो त्या उतरलेल्या चेहऱ्यासाठीं. कारण तीं चित्रें न दाखवितांही त्याचें काम भागलें असतें.

एक मजेदार गोष्ट मध्येंच सांगावीशी वाटते. पूर्वीं सात नंबरच्या काठीचा तिरकसपणा ३५-३६ अंशांच्या आसपास असे. आज लांब मारा देणाऱ्या कित्येक संचांत सातचा आंकडा ३० किंवा त्याहूनही कमी अंशांच्या पात्यावर कोरलेला आढळतो. म्हणजे जुनी पांच नंबरची काठी सात म्हणून विकावयाची, आणि गिऱ्हाइकानें ‘माझा सातचा मारा केवढा लांब जातो!’ म्हणून हरखून जावयाचें. ज्या पिढीनें पहिल्या वर्गाची संख्या वाढतांना आणि पहिल्या वर्गाचें तेज उतरतांना एकाच वेळीं पाहिलें, त्या पिढींतील परीक्षकास हें वाचून कसें वाटलें असेल, तें सांगत नाहीं. कुशल खेळाडूस ह्या लांबीचें अप्रूप नसतें. त्यास दीडशें यार्डांवर चेंडू टाकावयाचा असतो, एकशें साठांवर नव्हे. काठीनें आपल्या नकळत केलेली वाढ ही त्याच्या दृष्टीनें घटीइतकीच वाईट. पात्याचा तळ किती रुंद, दांडा किती जड, आपल्याकडच्या पावसाळी भुसभुशीत जमिनींत पातें किती रुततें, ह्या गोष्टी तो आधीं पाहतो. पात्याच्या कुळाची चौकशी मागाहून करतो.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांस खरोखर अस्वस्थ केलें तिच्याकडे वळतों. आम्हीं असें धरून चाललों होतों कीं, कठोर काठी कठीण धातूची आणि क्षमाशील काठी मऊ धातूची असावी. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. घडीव पात्याचें पोलाद मऊ असतें. एवढें मऊ कीं वर मुलामा न चढविला तर तें गंजतें, आणि दगडावर आपटलें तर त्यास खळी पडते. आणि क्षमाशील ओतीव पात्याचें पोलाद बहुधा कठीण असतें. ह्या मऊपणाचा उपयोग असा कीं, घडीव पातें पकडींत धरून अंश-दोन अंश वांकवितां येतें. खेळाडूची उंची, त्याच्या हाताची ठेवण पाहून त्याचा कोन बसवितां येतो, आणि वापरतां वापरतां तो बिघडला तर पुन्हा बसवितां येतो. कठीण ओतीव पातें ह्या बाबतींत हट्टी असतें. फार जोर केला तर मोडण्याचें भय. जी काठी खेळाडूची चूक क्षमा करीत नाहीं ती स्वतःस वांकवूं देते, आणि जी त्याची चूक क्षमा करते ती स्वतः वांकत नाहीं.

हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस आमच्या लहानपणची मालाडची खाण आठवली. मालाडचा पिवळसर दगड एके काळीं मुंबईच्या थोर इमारतींस जात असे. ज्यास आपण पूर्वीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणत असूं त्या वस्तुसंग्रहालयास कुर्ल्याच्या काळ्या दगडाच्या जोडीस तो लागला आहे, आणि १९२४ सालीं पुऱ्या झालेल्या गेटवेचा पिवळा दगड इथल्याच खरोडीचा. आमच्या लहानपणीं ते वैभवाचे दिवस सरले होते, तरी टेकडीच्या बाजूस खाणी चालत आणि खाणीच्या तोंडाशीं एक लोहार भाता घेऊन बसे. संध्याकाळीं पाथरवट आपल्या बोथट छिन्न्या त्याच्यापुढें टाकीत. तो एकेक छिन्नी तापवी, ऐरणीवर तिचें टोंक पुन्हा काढी, आणि मग पाणी देई. पाणी देणें हें त्याच्या कामाचें सर्वस्व होतें. टोंक पाण्यांत बुडवून बाहेर काढलें म्हणजे मागच्या भागाची उष्णता त्याकडे सरकूं लागे आणि पोलादावर रंग चढत जात, आधीं गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. नेमक्या रंगावर तो छिन्नी पुन्हा पाण्यांत घाली. फार कडक राहिली तर ती दगडावर तडकावयाची, फार मऊ झाली तर तिचें टोंक चेपावयाचें. आम्हीं तेथें तासन्‌तास उभें राहत असूं. आज लक्षांत येतें तें एवढेंच कीं, एकही छिन्नी त्यानें ‘ही झाली’ म्हणून कायमची हातावेगळी केली नव्हती. तीच छिन्नी दुसऱ्या संध्याकाळीं पुन्हा येई.

आणि ह्यापुढची गोष्ट लिहिण्यास हात जड होतो. बावीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक विद्यार्थी होता. महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेंत त्यास चार गुण कमी पडले, आणि त्या चार गुणांवर एका शिष्यवृत्तीसाठीं व्हावयाची त्याची शिफारस अडली. तो आमच्या खोलीच्या दारांत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तिसरा प्रश्न एकदा पुन्हा वाचाल का?” आम्हीं मान वर न करतां सांगितलें, “दिलेला गुण बदलत नसतो.” त्या वाक्याचा आम्हांस अभिमान होता. विद्यार्थ्यांत आमची जी ‘कडक’ म्हणून ख्याति होती तिची ती मुद्रा होती, आणि घरीं जेवतांना तें वाक्य आम्हीं पुन्हा एकदां म्हणून दाखविलें असावें. मुलानें तत्त्वज्ञान सोडलें. सहा-सात वर्षांनीं बिऱ्हाड बदलतांना जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत ती उत्तरपत्रिका सांपडली. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं शिकविलें होतें तसें नव्हतें; तें त्याहून चांगलें होतें. पहिल्या वाचनांत तें आम्हांस समजलेंच नव्हतें.

त्याची चूक आम्हीं पोटांत घातली नाहीं ह्याचें आम्हांस दुःख नाहीं. कारण ती चूक नव्हतीच. दुःख ह्याचें कीं, आमचा कोन बिघडला होता, आणि तो तपासून घेण्याची संधि दारांत येऊन उभी राहिली असतां आम्हीं ती परत पाठविली. आमचा आकार घडीव काठीचा होता. धातु मात्र ओतीव होती. दोन्ही प्रकारांतले दोष आम्हीं एकत्र केले होते, आणि त्यालाच आम्हीं तत्त्वनिष्ठा म्हणत आलों होतों.

हें म्हटलें म्हणून क्षमाशील हत्यार सर्वत्र वाईट, असा अर्थ कोणीं घेऊं नये. ज्या आघाताचें फळ मारणाऱ्यासच भोगावयाचें आहे तेथें त्यानें वाटेल तेवढें कठोर हत्यार घ्यावें. परंतु आमच्या बहिणीचा गुडघा ज्या शल्यवैद्याच्या हातीं जावयाचा आहे त्यानें चूक सांवरून घेणारें जें जें उपकरण मिळेल तें तें वापरावें अशीच आमची इच्छा आहे. तेथें त्याच्या आत्मशिक्षणासाठीं गुडघा खर्ची पडावयास नको. जिना उतरतांना कठडा धरणारास कोणी भ्याड म्हणत नाहीं. प्रश्न एवढाच उरतो कीं, भाच्याच्या काठीचें फळ कोण भोगणार? तो एकटाच काय? हा प्रश्न आम्हीं त्यास विचारला नाहीं. त्यानें तो स्वतःस विचारला असावा, असें पुढील गोष्टीवरून वाटतें.

दिवाळीनंतर एका रविवारीं तो आमच्याकडे आला तेव्हां त्याच्या खांद्यावर पिशवी होती. नवा संच त्यानें घेतला नव्हता. खेळ सोडलेल्या एका वृद्ध गृहस्थाकडून त्यानें सहापासून पुढच्या घडीव काठ्या जुन्या घेतल्या होत्या, आणि चार-पांच नंबरच्या दोन काठ्या दुसरीकडून पाठीशीं पोकळ अशा घेतल्या होत्या. मोठमोठे व्यावसायिकही असा मिश्र संच बाळगतात, असें तो म्हणाला. परंतु तें त्यानें आमचें समाधान व्हावें म्हणून सांगितलें असेल. वडिलांकडून घेतलेल्या रकमेपैकीं दोन-तृतीयांशाहून अधिक त्यानें परत केली होती. त्यांतून मैदानाची फी जावयाची, म्हणून मेहुण्यांनीं त्यांतलें कांहीं पुन्हा त्याच्या खिशांत घातलें, हें आम्हांस बहिणीकडून कळलें.

त्यानें सात नंबरची काठी काढून आमच्या हातीं दिली. जन्मांत प्रथमच आम्हीं तें हत्यार हातीं धरलें. वाटलें होतें त्याहून तें नाजूक होतें. पात्यावरच्या बारीक समांतर खांचांमध्यें नाण्याएवढा एक डाग होता. तेथला मुलामा झिजून आंतलें पोलाद उघडें पडलें होतें. डाग बरोबर मध्यावर नव्हता. गव्हाच्या दाण्याएवढा दांडीकडे सरकलेला होता.

“मामा, ते आजोबा पंधरा वर्षं एकच चूक करीत होते,” भाचा म्हणाला.

“त्यांना कळली नसेल?”

“कळल्याशिवाय कशी राहील? रोज कळत असेल.”

त्यानें फडक्यानें पातें पुसलें आणि काठी पिशवींत घातली. त्यास दादरास गाडी बदलून कुर्ल्यावरून चेंबुरास जावयाचें होतें, आणि एवढी पिशवी घेऊन रविवारच्या गाडींतही लोक शिव्या देतात, म्हणून तो चहा न घेतांच उठला. आमच्या मेजावर सहामाहीच्या उत्तरपत्रिका पडल्या होत्या. सर्वांत वरच्या पत्रिकेवर आम्हीं आदल्या रात्रीं गुण मांडले होते. जिन्यावरचा त्याचा पायरव थांबल्यावर ती आम्हीं पुन्हा उघडली.